बरणीतले जिनसेंग, कॅप्सूलमधले जिनसेंग

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी आमच्या इमारतीतील नाना आपल्या सुनेसह माझ्याकडे आले. त्यांच्या एका हातात काळसर तपकिरी लेहाची काचेची लहानशी बरणी होती आणि दुसऱ्या हातात जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलचे पाकीट. बरणी धाकट्या मुलाने कोरियातील सुवोन येथून पाठविलेली. तो तेथे नोकरीस आहे. कॅप्सूल कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून आणलेल्या, गेली दोन वर्षे चालू असलेल्या. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता : जिनसेंग.

“मास्तर, माझा हिशेब बरोबर आहे ना, तेवढं सांगा,” नाना म्हणाले. “दोन्हींत जिनसेंगच आहे. म्हणून बरणी संपेपर्यंत कॅप्सूल बंद ठेवल्यात. पोराने एवढ्या प्रेमाने पाठवलंय, ते वाया कशाला घालवायचं?”

सूनबाईंनी काही न बोलता एक फाइल माझ्यापुढे ठेवली. नानांच्या हृदयाची झडप बदलून बारा वर्षे झाली आहेत. कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ते रोज वॉरफॅरिन घेतात आणि दर महिन्याला ‘आयएनआर’ची तपासणी करून घेतात. डॉक्टरांनी त्यांना ठरवून दिलेली मर्यादा २.५ ते ३.५ अशी आहे. दोन वर्षे हा आकडा गुणी मुलासारखा त्या मर्यादेत बसला होता. ताज्या अहवालात तो १.९ होता. बरणी उघडून तेव्हा अठरा दिवस झाले होते.

त्यांना मी आधी त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. रसायनशास्त्र नंतरही सांगता येते. संध्याकाळी ते परत आले तेव्हा मात्र सविस्तर बोलणे झाले, आणि त्यातील बराचसा भाग अनेक घरांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून या सदरासाठी तो लिहून काढीत आहे. नानांची समजूत अगदी स्वाभाविक होती. वनस्पतीचे नाव एक, तेव्हा औषधही एक, असे आपण सारेच गृहीत धरतो. जिनसेंगच्या बाबतीत हे गृहीतक जितके फसवे ठरते, तितके फार थोड्या वनस्पतींच्या बाबतीत ठरत असेल.

खरे तर संस्काराने द्रव्य पालटते हे ज्ञान आपल्या स्वयंपाकघराला नवे नाही. ओले आले आणि सुंठ यांचे उदाहरण घ्या. दोन्ही एकाच झाडाचे कंद. परंतु सुंठवड्यात कोणी आले किसून घालीत नाही आणि चहासाठी कोणी सुंठीचा गाठा ठेचीत बसत नाही. आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल नावाच्या संयुगांमुळे असतो. आले वाळताना वा तापताना जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल हे अधिक तिखट संयुग तयार होते. सुंठ म्हणजे केवळ पाणी आटलेले आले नव्हे. तिच्या रसायनाची घडणच थोडी बदललेली असते. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचे विवेचन करताना ‘करण’ म्हणजे संस्कार हा एक स्वतंत्र घटक मानला आहे, तो उगाच नाही.

जिनसेंगच्या मुळांवर होणारा संस्कार याच जातीचा, पण कितीतरी अधिक गुंतागुंतीचा आहे. कोरिया आणि ईशान्य चीन येथे पिकणारे जिनसेंग म्हणजे ‘पॅनॅक्स जिनसेंग’ या सावलीत वाढणाऱ्या रोपाचे मूळ. ते चार ते सहा वर्षे जमिनीत राहते. त्याच्या चिनी नावात ‘माणूस’ हा शब्द आहे, कारण जुन्या मुळाला हातापायांसारखे फाटे फुटतात. या मुळातील सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली द्रव्ये सॅपोनिन वर्गातील आहेत. सॅपोनिन म्हणजे काय हे रिठ्याने दागिने धुतलेल्या पिढीला सांगायला नको. पाण्यात हलविले की फेस आणणारी ती संयुगे. जिनसेंगमधील सॅपोनिनांना ‘जिनसेनोसाइड’ म्हणतात. टोकियो विद्यापीठातील शोजी शिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात त्यांची रचना उलगडली. ‘आरबी-१’, ‘आरजी-१’, ‘आरई’ अशी त्यांची रुक्ष नावे. तपासणीच्या पातळ थरावर जो डाग जितका वर चढला, त्यानुसार त्यांना पुढची पुढची अक्षरे मिळत गेली.

ही संयुगे डोळ्यांसमोर आणायची तर एखादी खुंटी कल्पावी, जिच्या दोन-तीन टोकांना साखरेच्या मण्यांचे लहान सर टांगले आहेत. खुंटी साधारण तीच राहते. मणी किती आणि कोणत्या टोकाला, यावर संयुगाचे नाव व गुण ठरतात. आरबी-१ला ग्लुकोजचे चार मणी असतात, दोन एका टोकाला, दोन दुसऱ्या. ताज्या मुळात यांपैकी काही मण्यांना मॅलोनिक आम्लाचा आणखी एक नाजूक गोंडाही जोडलेला असतो.

आता या मुळाला वाफ द्या. प्रथम तो नाजूक गोंडा गळून पडतो. मग एका विशिष्ट टोकाचा, रसायनशास्त्रज्ञांच्या भाषेत विसाव्या कार्बनावरचा, साखरेचा सर तुटतो. आरबी-१, आरबी-२, आरसी अशा भारी संयुगांतून ‘आरजी-३’ नावाचे दोनच मणी उरलेले संयुग तयार होते. वाफ आणखी तीव्र वा दीर्घ झाली की आरजी-३मधून पाण्याचा रेणू निघतो, आणि ‘आरके-१’ व ‘आरजी-५’ जन्माला येतात. सुंठीत घडले तेच येथेही. नुसत्या वाळविलेल्या मुळात ही तिन्ही संयुगे नसल्यासारखीच असतात. म्हणजे वाफेने असलेले द्रव्य कमीअधिक होते एवढेच नव्हे, तर मुळात नसलेले द्रव्य निर्माण होते.

सोलून वा न सोलता नुसते वाळविलेले मूळ ते पांढरे जिनसेंग. सुमारे ९० ते १०० अंश सेल्सियसच्या वाफेवर दोन-तीन तास उकडून मग वाळविलेले ते लाल जिनसेंग; त्यासाठी कोरियात सहा वर्षांची मुळे उत्तम मानतात. नऊ वेळा वाफवून नऊ वेळा वाळविले की ते काळे होते. लाल-काळा रंग कोणी घातलेला नसतो. भाजलेल्या पावाला किंवा कढवलेल्या दुधाला ज्या क्रियेने खरपूस रंग येतो, तीच शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातील क्रिया येथेही घडते आणि तिच्यातून माल्टॉलसारखी सुगंधी संयुगे तयार होतात. नानांच्या बरणीतून येणारा गुळाच्या काकवीशी नाते सांगणारा वास त्यातलाच.

गंमत अशी, की वाफेची ही रीत ताकद वाढावी म्हणून सुरू झालेली दिसत नाही. ११२३ साली चीनच्या सोंग दरबाराच्या दूतमंडळाबरोबर गोर्यो राज्याची राजधानी गेसोंग येथे गेलेल्या शू जिंगने आपल्या वृत्तांतात कच्च्या व शिजविलेल्या अशा दोन प्रकारच्या जिनसेंगची नोंद केली आहे. कच्चे मूळ उन्हाळ्यात किडते, वाफविलेले टिकते, असे त्याने लिहिले आहे. सांगलीकडचा शेतकरी हळद उकडून वाळवितो त्याच व्यवहारी बुद्धीने कोरियाचा शेतकरी मूळ उकडीत होता. वाफेने पिष्ट शिजून घट्ट होते, विघटन करणारी विकरे निष्क्रिय होतात आणि मूळ काचेसारखे कठीण बनून वर्षानुवर्षे राहते. रसायन पालटले ते या टिकविण्याच्या ओघात. पुढे २००० साली सोल येथील संशोधकांनी मुद्दाम १२० अंशांपर्यंत तापविलेल्या मुळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील कसोट्यांवर त्यांची काही गुणधर्मांची तीव्रता वाढलेली आढळली, आणि मग लाल जिनसेंग ‘जास्त प्रभावी’ असल्याच्या जाहिरातींना ऊत आला.

येथे थोडे थांबावयास हवे. प्रयोगशाळेच्या नळीतील तीव्रता म्हणजे माणसाच्या शरीरातील हित नव्हे. लाल जिनसेंग पांढऱ्यापेक्षा ‘चांगले’ असे मी म्हणणार नाही. ते वेगळे आहे एवढेच म्हणेन. वाफेत काही मिळते तसे काही जातेही. आरबी-१, आरजी-१, आरई यांचे प्रमाण घटते आणि मॅलोनिल रूपे बहुतांशी नाहीशी होतात. नानांना आरोग्याच्या दृष्टीने ‘चांगले कोणते’ यापेक्षा ‘आपल्या पोटात नेमके काय गेले’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता.

मूळ वाळले म्हणजे निम्मेच काम झाले. त्यापासून अर्क काढताना दुसरी निवड होते, आणि ती ग्राहकाला जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. सत्तर टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल वापरले तर जिनसेनोसाइड भरपूर उतरतात. नुसते गरम पाणी वापरले तर बहुशर्करा, म्हणजे पॉलिसॅकराइड, मोठ्या प्रमाणात येतात आणि अर्काचा स्वभावच निराळा होतो. अमेरिकी जिनसेंगपासून बनविलेला, सर्दीपडशासाठी अभ्यासला गेलेला एक अर्क मुख्यतः अशा बहुशर्करांचाच आहे; त्यात जिनसेनोसाइड नगण्य. त्याच्यावरचे निष्कर्ष अल्कोहोली अर्काच्या कॅप्सूलला लावणे म्हणजे उसाच्या रसावरचा अभ्यास उसाच्या पाचटाला लावण्यासारखे आहे.

शिवाय मुळाचा भागही पाहावा लागतो. जिनसेनोसाइड सालीजवळ आणि बारीक तंतुमुळांत अधिक असतात, गाभ्यात कमी. पानांतही ते असतात, फक्त प्रमाण निराळे. त्यामुळे स्वस्त तंतुमुळे किंवा पाने वापरूनही वेष्टनावर ‘एकूण जिनसेनोसाइड इतके टक्के’ हा आकडा सहज गाठता येतो. बेरीज तीच, पण बेरजेतील पदे वेगळी.

एवढे सगळे पार करून अर्क आपल्या पोटात पोचला, की तिसरा संस्कार सुरू होतो, आणि हा सर्वांत कमी आपल्या हाती असतो. चार मण्यांचे आरबी-१ आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते एकेक मणी तोडीत नेतात. चारांचे तीन, तिनांचे दोन, आणि शेवटी एकच मणी उरलेले ‘कंपाउंड-के’, जे रक्तात अधिक सहज उतरते. परंतु हे काम करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात सारख्या संख्येने नसतात. कोणाच्या आतड्यात हे रूपांतर झपाट्याने होते, कोणाच्या जेमतेम. प्रतिजैविकांचा एखादा कोर्स झाला की तेच आतडे काही काळ वेगळे वागू शकते. यावर तोडगा म्हणून काही उत्पादक अर्क आधीच आंबवून देतात. इडलीचे पीठ आंबविणाऱ्यांना यात नवल वाटू नये. पण आंबविलेले जिनसेंग हे पुन्हा एक चौथेच द्रव्य झाले, हे मात्र ध्यानात घ्यावे.

हा सारा तपशील केवळ जिज्ञासेपुरता नाही, याचा पुरावा माणसांवरील चाचण्यांतच मिळतो. टोरांटो येथील संशोधकांनी २००० साली दाखविले की तीन ग्रॅम अमेरिकी जिनसेंग घेतल्यावर ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत रक्तशर्करा कमी चढते. बातमी जगभर पसरली. त्याच गटाने नंतर त्याच जातीच्या जिनसेंगचा दुसरा साठा वापरून प्रयोग केला, तेव्हा परिणाम दिसला नाही. त्या साठ्यातील जिनसेनोसाइडचे स्वरूप वेगळे, कमी प्रमाणाचे होते. मग त्यांनी आठ निरनिराळी ‘जिनसेंगे’ निरोगी माणसांवर ताडून पाहिली. काहींनी साखर उतरली, काहींनी काहीच झाले नाही, आणि काहींनी चक्क चढली. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या घरातील वडिलांसाठी हे तीन निकाल म्हणजे तीन वेगळे दिवस आहेत.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबाबतही असेच. कृत्रिम झडप असलेल्या ४७ वर्षांच्या एका रुग्णाने जिनसेंग सुरू केल्यानंतर त्याचा आयएनआर ३.१ वरून १.५ वर आला, अशी नोंद १९९७ साली प्रसिद्ध झाली. २००४ साली अमेरिकी जिनसेंगची निरोगी स्वयंसेवकांवर रीतसर चाचणी झाली, तेव्हा वॉरफॅरिनचा परिणाम घटल्याचे दिसले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात आशियाई जिनसेंगची चाचणी झाली, तीत असा परिणाम आढळला नाही. वाचणारा गोंधळतो, कोणते खरे? माझ्या मते दोन्ही खरी असण्यास काहीच हरकत नाही. जात वेगळी, संस्कार वेगळा, मात्रा आणि कालावधी वेगळे. शब्द मात्र एकच.

आणि बाजारातील वस्तू वेष्टनाशी प्रामाणिक असतेच असेही नाही. अमेरिकेत विकत घेतलेल्या २५ जिनसेंग उत्पादनांची तपासणी २००१ साली प्रसिद्ध झाली. वनस्पती सर्वांत योग्य होती. परंतु जिनसेनोसाइडच्या प्रमाणात कॅप्सूलांमध्ये १५ पट आणि द्रव उत्पादनांमध्ये ३६ पट तफावत निघाली.

आपल्याकडे यात आणखी एका नावाची भर पडते. अश्वगंधेला ‘भारतीय जिनसेंग’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली आहे. अश्वगंधा वांगी-टोमॅटोच्या कुळातील. तिच्यातील विदानोलाइड संयुगांचा जिनसेनोसाइडांशी संबंध नाही. ती आपल्या जागी मोठी आहे, तिला उसन्या नावाची गरज नाही. ‘सायबेरियन जिनसेंग’ हेही पॅनॅक्स नव्हे. अमेरिकेत तर २००२च्या कायद्याने पॅनॅक्सखेरीज इतर कशालाही जिनसेंग म्हणून विकण्यास बंदी आहे.

घरात अशी बरणी किंवा पाकीट आले तर चष्मा लावून बारीक अक्षरे वाचावीत. पॅनॅक्स कोणता, मूळ की पाने, लाल की पांढरे, अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला, आणि एका मात्रेत जिनसेनोसाइड किती मिलिग्रॅम, हे लिहिलेले असेल तर उत्पादक निदान बोलायला तयार आहे असे समजावे. ‘६ : १ अर्क’ असे लिहिलेले असेल तर सहा किलो मुळांपासून एक किलो अर्क काढला एवढेच त्यातून कळते. झटपट विरघळणाऱ्या जिनसेंग चहाच्या पुड्यांत अनेकदा साखर किंवा लॅक्टोजच अधिक असते. मधुमेह्यांनी घटकांच्या यादीतले पहिले नाव पाहावे.

वॉरफॅरिन वा एसिनोकुमारॉल, मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतेही जिनसेंग सुरू करू नये, आणि चालू असलेले गुपचूप बदलूही नये. नानांची चूक ही दुसरी होती. त्यांच्या डॉक्टरांनी वॉरफॅरिनची मात्रा ठरविली तेव्हा नाना कॅप्सूल घेतच होते. म्हणजे तो समतोल त्या कॅप्सूलसकट साधला गेला होता. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जिनसेंग किमान सात दिवस आधी थांबवावे, असा सल्ला भूलतज्ज्ञांच्या वाङ्मयात दिला जातो. मोतीबिंदूसारख्या लहान शस्त्रक्रियेच्या वेळीही हे सांगण्यास संकोचू नये. जिनसेंगने काहींची झोप उडते. वडीलधारी मंडळी रात्री दोनला उठून बसू लागली तर वयाला दोष देण्यापूर्वी कपाटात नवी बाटली आली आहे का ते पाहावे. वृद्ध माणसे पूरक औषधे डॉक्टरांपासून लपवितात ती बहुधा लबाडीने नव्हे. ‘हे काय औषध आहे थोडेच’ असे त्यांना मनापासून वाटते. म्हणून तपासणीला जाताना यादी नेण्याऐवजी बरणीच पिशवीत घालून न्यावी. यादीतून नेमकी तीच गळते.

आता नानांचे काय झाले? तज्ज्ञांनी बरणी व कॅप्सूल दोन्ही थांबविल्या, वॉरफॅरिनची मात्रा थोडी जुळवून घेतली आणि आठवड्याने पुन्हा तपासणीस बोलाविले. सूनबाईंनी तेथे आणखी एक गोष्ट कबूल केली. नोव्हेंबर लागल्यापासून घरात रोज मेथी नाहीतर पालक शिजत होता. कोवळी भाजी स्वस्त मिळते म्हणून. हिरव्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व वॉरफॅरिनच्या विरुद्ध काम करते, तेव्हा आकडा खाली ओढण्यात बरणीचा वाटा किती आणि मेथीचा किती, हे सांगण्यास तज्ज्ञांनी सरळ नकार दिला. मलाही ते सांगता येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात आयएनआर २.७ आला. पालेभाजी आता आठवड्यातून ठरलेल्या दोन वारी, साधारण सारख्याच प्रमाणात होते. तपासणीच्या तारखांना कॅलेंडरवर लाल गोल केलेले आहेत.

बरणी अजून कपाटात आहे, अर्धी. टाकून द्यायला नानांचे मन होत नाही आणि सूनबाई तिच्याकडे डोळे वटारून पाहतात. परवा सुवोनहून मुलाचा फोन आला, पुढच्या वेळी काय पाठवू म्हणून. नानांनी त्याला लोकरीचे मोजे सांगितले.